चार बाटल्या, दोन कॅमेरे

१ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
रोजनिशी सुरू. मोठे निर्णय लिहून काढले की चुकत नाहीत. निर्णय एकच: कॅमेरा कोणता ठेवायचा. मुदत रविवार, ५ तारीख. मी घोळ घालणारा माणूस नाही.

कारण लिहून ठेवतो. २६ तारखेला ही, म्हणजे माझी बायको, तलाव पोहून जाणार आहे. चार किलोमीटर, वेळ अडीच तास. हिचं वय चौपन्न, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन वर्षांपूर्वीही उतरली होती. अडीच तास भरले तेव्हा तीनशे मीटर उरले होते आणि आयोजकांनी नियमाप्रमाणे बाहेर काढलं. त्या दिवसाचा एकच फोटो आहे. बचाव नावेत ब्लँकेट गुंडाळून बसलेली, नाक लाल. तो क्लबच्या भिंतीवर लावलाय. ही रोज त्याच्यासमोरून पोहायला जाते आणि मान वर करत नाही.

तो फोटो उतरवायचा. तिथे मी काढलेला लावायचा.

२ ऑक्टोबर
उमेदवार दोन. पहिला, शेजारच्या स्टुडिओकाकांचा डीएसएलआर. काकांनी स्टुडिओ बंद केला, कॅमेरा कुणीतरी वापरावा एवढीच त्यांची इच्छा. बारा वर्षं जुना. लेन्स बघत राहावी अशी. वजन दोन मोठ्या फरशांइतकं.

दुसरा, मेहुण्याचा छोटा दणकट कॅमेरा. पाण्यात बुडवा, जिन्यावरून टाका, त्याला काही होत नाही. मेहुण्याचा ड्रेनेजचा धंदा. तो हा काठीला बांधून पाइपात सोडतो. धुतलाय म्हणाला. दोनदा म्हणाला, म्हणून शंका आली.

दोघंही म्हणाले, वापरून बघ, आवडला तर ठेव. इतकं सोपं आहे.

५ ऑक्टोबर, सकाळी
निर्णय झाला. डीएसएलआर. टाइल्सच्या शोरूममध्ये चोवीस वर्षं काढलेला माणूस मी, पांढऱ्याच्या अकरा छटा नुसत्या नजरेने सांगतो. असल्या नजरेला गटारातला कॅमेरा शोभत नाही.

५ ऑक्टोबर, दुपारी
बाथरूममध्ये सराव. बादली म्हणजे तलाव असं मानलं. डीएसएलआरवर चार थेंब उडाले. अर्धा तास टॉवेलने पुसत बसलो. निर्णय बदलला. छोटा.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी
छोट्याचे फोटो बघितले. बादली निळसर आलीय. आमची बादली हिरवी आहे. मुदत १२ तारखेपर्यंत वाढवली. घाईने घेतलेले निर्णय पुढे अंगाशी येतात.

९ ऑक्टोबर
हिने समोर बसवून माझी कामं सांगितली. प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर वल्ह्याची एक नाव असते. नावेत नाववाला आणि घरचा एक सोबती. दर वीस मिनिटांनी बाटली द्यायची. ही भरकटली तर शिट्टी वाजवायची. पांढऱ्या बोर्डवर किती वेळ झाला ते लिहून दाखवायचं. आणि मुख्य म्हणजे नाव कायम हिच्या डाव्या हाताला, तोंड सरळ पलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे. हिला चष्मा उणे सहाचा. पाण्यात टाकी दिसत नाही, काठ दिसत नाही, फक्त बाजूची नाव दिसते. नाव जाईल तिकडे ही जाणार.

मी म्हटलं, समजलं. ही म्हणाली, परत सांगून दाखवा. मी सांगून दाखवलं. मधे फक्त एकदा शटर स्पीडचा विषय काढला. ही म्हणाली, फोटो नाही आले तरी चालेल, बाटली आली पाहिजे.

रक्तपेढीत काम करते. लोकांच्या नसा शोधण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कलेकडे थोडं दुर्लक्ष झालंय. मी मनावर घेत नाही.

१२ ऑक्टोबर
तक्ता केला. डावीकडे डीएसएलआर, उजवीकडे छोटा, सतरा मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी गुण. एकशे एकोणीस आणि एकशे एकोणीस. तक्ता मेहुण्याला दाखवला. तो म्हणाला, दाजी, एवढ्या वेळात मी चार इमारतींची तुंबलेली लाइन मोकळी करतो. या माणसाकडून मला कसलीच अपेक्षा नाही. मुदत १९.

१५ ऑक्टोबर
शोरूममध्ये सराव. एका गिऱ्हाइकाला मॅट आणि ग्लॉसीमधला फरक समजावता समजावता तिचा कँडिड फोटो काढला. ती चिडली. मोठ्या साहेबांनी आत बोलावलं. कॅमेरा शोरूममध्ये आणायचा नाही, असं म्हणाले. फोटो मात्र उत्तम आलाय. राग स्पष्ट दिसतो.

१९ ऑक्टोबर
स्टुडिओकाकांकडे जाऊन थेट विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं. काकांनी लेन्स पुसून खाली ठेवली. मग म्हणाले, आधी फोटोतल्या माणसाकडे नीट बघितलं असतं. मी कॅमेऱ्याबद्दल विचारत होतो. वय झालंय त्यांचं. जाता जाता त्यांनी लेन्सवरचं एक बटण हाताने फोकस करायच्या जागी सरकवून दाखवलं. मी ते नीट लक्षात ठेवलं.

२३ ऑक्टोबर
ही आज क्लबमधून आली आणि गुडघ्याला बर्फ लावून बसली. मी विचारलं, दुखतंय का. नाही म्हणाली. मग आपणहूनच म्हणाली की या वेळीही बाहेर काढलं तर परत उतरणार नाही. सरळ आवाजात म्हणाली, दुधाचा हिशोब सांगावा तशी. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. ही माझ्याकडे बघत राहिली.

हे ऐकून निर्णय पक्का केला. दोन्ही कॅमेरे न्यायचे.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळी
बॅग भरली. हिने चार बाटल्या भरून ठेवल्या होत्या. डीएसएलआर, मोठी लेन्स, छोटा, कापडं, प्लॅस्टिकच्या पिशव्या एवढं सगळं घातल्यावर एकच बाटली बसते. घोडं तिथे अडलं. विचार केला, तलावात पाणीच पाणी, तहान किती लागणार. एक बाटली ठेवली, तीन ओट्याखाली. पांढरा बोर्ड मात्र नक्की घेतला. त्याने चेहऱ्यावर उजेड छान टाकता येतो.

शिट्टी बसली नाही.

२६ ऑक्टोबर, सकाळी ६.४०, तलावाकाठी
हवा छान. ही टोपी घालून तयार. पाण्यात उतरताना चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, आता तुम्हीच माझे डोळे. असं ही कधी बोलत नाही. चष्मा खिशात ठेवला. डीएसएलआर गळ्यात, छोटा मनगटाला. नाववाला माझ्याकडे बघून म्हणाला, लग्नाची ऑर्डर आहे का. पुढच्या नावेत, पोहायला उतरलेल्या एका दंतवैद्याची सत्तरीची आई, हातात शिट्टी घेऊन. माझी दया आली मलाच. एकटा व्यावसायिक माणूस मी.

२६ ऑक्टोबर, दुपारी
जे झालं ते तटस्थपणे लिहितो.

पहिली वीस मिनिटं मी निर्दोष होतो. बाटली दिली. अर्धी प्यायली, परत दिली. पण अडचण अशी की सूर्य समोरून होता. हिचा चेहरा काळा दिसत होता. नाव थोडी डावीकडे वळवली की उजेड बरोबर चेहऱ्यावर यायचा. नाववाल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, साहेब, टाकी तिकडे आहे. मी म्हटलं, दोनच मिनिटं. ही आमच्याबरोबर वळली. उजेड काय सुंदर पडला होता. मग पुन्हा दोन मिनिटं. मग एकदा मागे बगळा असावा म्हणून थोडी जास्त.

बोर्डवर वेळ लिहायची राहिली, कारण बोर्ड उजेडासाठी लागत होता.

एक तास दहा मिनिटांनी ही थांबली. गॉगल कपाळावर सरकवला. टाकी कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, तशीच राहा, कॅमेऱ्याकडे बघू नकोस. हिने नाववाल्याला विचारलं. त्याने मागे उजवीकडे बोट दाखवलं. त्यानंतर ही जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. बाटली मागितली. बाटली संपली होती.

याच क्षणी एक लाट आली आणि नाववाल्याच्या हातातलं वल्हं पडून वाहून गेलं. निसर्गापुढे कुणाचं चालत नाही. एका वल्ह्याने नाव जागच्या जागी गोल फिरते, हे मला नव्याने समजलं. ही आमच्या दोन फेऱ्यांपर्यंत थांबली. मग लांबून शिट्टी ऐकू आली. दंतवैद्याच्या आईने आपली नाव थांबवून हात केला होता. ही तिकडे निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. वळली असती तरी दिसलो नसतो, चष्मा माझ्या खिशात होता.

तिथून पुढचं मला दिसलं नाही.

आम्हाला बचाव नावेने ओढून आणलं. मला ब्लँकेट दिलं.

काठावर पोचलो तेव्हा ही बाकावर बसून दंतवैद्याच्या आईच्या बाटलीतून पाणी पीत होती. वेळ मोजणाऱ्या बाईंनी सांगितलं, दोन तास सव्वीस मिनिटं. चार मिनिटं राखून पोचली. मी चष्मा दिला. हिने घातला, माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा काढला.

लाटेबद्दल मी सविस्तर सांगितलं. हिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

२७ ऑक्टोबर
डीएसएलआरवर एकशे चौदा फोटो. सगळे धूसर. ते बटण काकांनी सरकवून दाखवलं तिथेच राहिलं होतं. म्हणजे चूक काकांची. फक्त बगळा स्पष्ट आलाय, आणि तो दगड निघाला.

छोट्यावर मी एकही फोटो काढला नाही. तरी सातशेच्या वर फोटो. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, पाइपात सोडताना दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं लावून ठेवलंय, दाजी, सांगायचं राहिलं.

२८ ऑक्टोबर
जेवताना मेहुणा आला आणि छोट्यातले फोटो टीव्हीला लावले. मी म्हटलं, कशाला, माझा गुडघाच दिसणार. बराच वेळ गुडघाच दिसला. हनुवटी दिसली. भरलेली बॅग दिसली, तिच्यात एक बाटली. ही तिथे थांबव म्हणाली. मग पुढे.

एका फोटोत मी उभा राहतोय. पुढच्यात माझं कोपर वल्ह्यावर. त्याच्या पुढच्यात नाववाल्याचे रिकामे हात. पाणी आरशासारखं शांत. लाट कुठेच नाही.

मेहुणा म्हणाला, क्वालिटी चांगली आहे.

ही उठून ओट्यापाशी गेली. खाली वाकून तीन बाटल्या काढल्या आणि माझ्या ताटाशेजारी ओळीने ठेवल्या. मला लाज वाटली. हे वाक्य खोडणार होतो, राहू देतो.

१ नोव्हेंबर
दोन्ही कॅमेरे परत केले. काकांनी विचारलं, कसा आला फोटो. मी म्हटलं, माणसाकडे बघायचं राहिलं. काकांनी मान हलवली आणि कॅमेरा पिशवीत घातला. घरी येऊन मी तक्ता फाडला.

३ नोव्हेंबर
क्लबमध्ये गेलो. ब्लँकेटचा फोटो उतरवलाय. त्या जागी नवा लागलाय, वेळ मोजणाऱ्या बाईंनी फोनवर काढलेला. ही गुडघाभर पाण्यात उभी, टोपी हातात, तोंड उघडून हसतेय. असं हसताना हिला मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. मागे खूप लांब तलावात एक ठिपका. जवळ जाऊन बघितलं तर आडवी वळलेली नाव आणि तिच्यात एक माणूस, काठाकडे पाठ करून, कॅमेरा डोळ्याला लावून.

खाली टाइप केलंय: वेळ २ तास २६ मिनिटं. सोबती: दंतवैद्यांच्या मातोश्री.

क्षितिज थोडं तिरकं आलंय. पण फोटो चांगला आहे. माझ्याकडून असा आला नसता. ही पोहून बाहेर आली, फोटोसमोर थांबली आणि मान वर करून बघितलं.

९ नोव्हेंबर, सकाळी
ओट्यावर पुढच्या वर्षीचा फॉर्म भरून ठेवलेला दिसला. मी शोधत नव्हतो, बाटल्या घासायला गेलो होतो. म्हणजे ही परत उतरणार आहे. नाव, वय, अंतर, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं हिच्या ठसठशीत अक्षरात. सोबती या रकान्यात माझं नाव.

पेन्सिलीने. बाकी सगळा फॉर्म पेनाने भरलेला आहे.