नवरदेवाला वाट दिली

सोमवार, ३ नोव्हेंबर

मे महिन्यापासून इथे एक ओळ नाही. माझंच चुकलं. पण लिहायला बसले असते तर नुसत्या शिव्या आल्या असत्या, आणि त्या वहीवर वाया घालवायच्या नव्हत्या.

आज निमित्त मिळालं. आमदारांच्या पी.ए.चा फोन. हिवाळी अधिवेशनात आमदार अशासकीय विधेयक मांडणार, रस्ता अडवून होणाऱ्या आंदोलनांवर. "मॅडम, तुम्ही वकील, शिवाय तुम्ही भोगलंय. कलमं तुम्हीच लिहा."

हो म्हटलं. इतक्या पटकन कुठल्या अशिलालाही हो म्हटलेलं नाही.

मंगळवार, ४

आधी घडलं ते कोरडं लिहून काढते.

मे महिन्यात कडावला जेवण करून परत येत होतो. ताई पुढच्या सीटवर, नवी साडी, तोंड अखंड चालू. (शिक्षिका होती तेव्हा वर्गात तिला थांबवायला घंटाच लागायची.) मध्येच तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात पडला. गाडी कर्जतकडे दामटली. फाट्यावर रास्ता रोको.

आपल्याकडे ठरलेलंच आहे, अँब्युलन्स, परीक्षेची मुलं आणि नवरदेव यांना सोडायचं. एक पोरगा खिडकीतून वाकला. "ह्या तर हसतायत की! आजारी कुठं हायत?" मागून नवरदेवाची गाडी आली, तिला हात जोडून वाट दिली. मुहूर्त टळायला नको. मी तिच्या मागे गाडी घातली तर बॉनेटवर थापा पडल्या.

तासभर तिथेच. डॉक्टर म्हणाले, "जरा आधी आणलं असतंत तर..." ताई तेव्हापासून एक शब्द बोललेली नाही.

गुन्हा 'अनोळखी इसमांवर'. सगळा तालुका ओळखतो त्या अनोळखी इसमांना. त्यांना तिथे बसवणारा काशिनाथ, कडावचा दूधवाला, गावाचा पुढारी. तो त्या वेळी तहसील कचेरीच्या पायरीवर भाषण करत होता. जागेवर नव्हता म्हणून सुटला.

शुक्रवार, ७

कलम ४. 'आंदोलनाचा आयोजक, तो प्रत्यक्ष जागेवर हजर असो वा नसो...' कैद, अजामीनपात्र. हात कुठे अडला नाही. छान वाटलं. इतकं छान वाटावं का, हा प्रश्न...

खालापूर कोर्टात सावंत वकिलांना दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "यात काशिनाथचा फोटो तेवढा चिकटवायचा राहिलाय."

"कायदा सगळ्यांसाठी असतो."

"हो ना. मग त्याचे अर्ज लिहून देणाऱ्या वकीलबाईसुद्धा आयोजक का?"

कंटेनर गावातून जातात, गतिरोधक टाका, हे अर्ज वर्षानुवर्षं मीच लिहिले. एकालाही उत्तर आलं नाही. रास्ता रोको झाला आणि महिन्याच्या आत गतिरोधक आले. हे खरं आहे. ताई मुकी झाली हेही खरं आहे. मी दुसरं धरलंय.

रविवार, ९

ताईला मसुदा वाचून दाखवला. कलम ४ ला तिने डावा हात माझ्या तोंडावर ठेवला. गप्प कर, की शाबास? विचारलं. तिने डोळे मिटले.

मी शाबास धरलं. सोयीचं तेच धरलं, हे कळतंय.

संध्याकाळी पाठवून दिला. कलम ४ सकट.

मंगळवार, ११

पी.ए. खूश. "चार नंबर एकदम कडक!" मग आवाज खाली आणून, "काशिनाथ पुन्हा रस्त्यावर बसणार म्हणतात. कायदा होईल तेव्हा होईल. तुम्ही त्याच्याकडून तारीख काढा, आदल्या दिवशीच पोलिसांना उचलायला लावतो."

म्हणजे आमदारांना रस्ते मोकळे नकोत, निवडणुकीच्या आधी काशिनाथ बाहेर नको आहे. असेना का. मला तो आत हवाय. त्याच्याही घरी कोणीतरी बोलायचं थांबू दे. (हे खोडणार होते. राहू दे.)

गुरुवार, १३

काशिनाथ दारात. भाताच्या झोडणीवरून थेट, केसांत पेंढा. मेनंतर पहिल्यांदाच. ताईच्या खुर्चीपाशी खाली बसला. "बाई, वळखलंत का मला?" ताई बघत राहिली.

मला म्हणाला, "ठाव नव्हतं वो, गाडीत तुमी हाय म्हून."

"दुसरं कोणी असतं तर चाललं असतं?"

"नाय. म्हून तर आलो." शाळेसमोर भुयारी मार्ग हवाय, पुन्हा बसणार आहेत. "पोरांना अँब्युलन्सचा दिवा कळतो, आजार नाय कळत. या टायमाला तुमी उभ्या ऱ्हावा तिथं, वकीलबाई. तुमी म्हनाल ती गाडी जाईल. नवरदेव ऱ्हाईल मागं."

"चालता हो."

उठला. उंबऱ्यात वळून म्हणाला, "शिव्या घाला. पन उभ्या ऱ्हावा."

निर्लज्ज! मी लिहिलेल्या कलमात मलाच ओढायला निघालाय, आणि त्याला पत्ताही नाही. गळा धरायला हवा होता. धरला नाही, आणि तेव्हापासून डोक्यात एकच, त्या दिवशी फाट्यावर गाडीत नीट बघणारं एक माणूस असतं तर.

कधी बसणार ते तो बोलला नाही. मी हाकललंच इतक्या घाईत. पी.ए.चे मिस्ड कॉल आलेत, उचललेले नाहीत.

उद्या: काशिनाथला फोन करून तारीख विचारणे.