कापसाला हात न लावता

मॅडम, आज माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, कापड रंगवायला तुम्हाला कोणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं.

बाबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मी आर्णीच्या घरून पुन्हा कॉलेजात आले. प्रयोगशाळेत शेगडीवर वाळलेली पळसफुलं उकळताहेत, रंग पक्का बसावा म्हणून मुली सुती कापड तुरटीच्या पाण्यात बुडवताहेत, आणि मी भिंतीला टेकून उभी आहे.

"तुह्यं कापड कुठं हाय वं?" तुम्ही विचारलंत.

"मले कापसाले हात नाही लावाचा, मॅडम."

"काहून?"

"बाबा फवारणी करता करताच गेले. त्या कापसातच पडले."

तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवला नाहीत, समजूतही घातली नाहीत. "बरं," म्हणालात, "मंग तू फुलं उकळ." पूर्ण वर्षभर मी फक्त रंग काढला, बाकीच्यांनी त्यात कापड बुडवलं. परीक्षेत मात्र प्रत्येकीला आपला नमुना दाखवायचा होता. त्या सकाळी तुम्ही पिशवीतून रेशमाचा तुकडा काढलात. तुमच्याच साडीचा होता. त्यावर दुकानातली घडी अजून तशीच होती.

"जुनीच हाय," म्हणालात. "नेसून नेसून कंटाळली मी."

त्यावर असा पिवळा चढला की बाहेरून आलेले परीक्षक तो खिडकीपाशी नेऊन बघत राहिले. मी पास झाले.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही नागपूरला निघालात. बहिणीच्या मुलीचं लग्न आहे, म्हणालात. हातातली पिशवी जड होती, ती उचलायला मी पुढे झाले तर तुम्ही दिली नाहीत. सुट्टी संपली, कॉलेज उघडलं आणि शिपाईकाकांनी सांगितलं, मॅडम गेल्या. लग्न नव्हतंच. तिकडे दवाखान्यात होतात. दुखणं वर्षभरापासूनचं होतं म्हणे.

त्या दिवशी सकाळी भिजत घातलेलं वर्गाचं कापड तुरटीत तसंच पडून होतं. मुली रडत होत्या, कोणी उठेना. मी बाह्या सारल्या, हात घातला आणि एकेक तुकडा पिळून दोरीवर टाकला. सुती होतं, हे शेवटचा तुकडा टाकताना लक्षात आलं.

आता रोज कापसातच हात असतात. मुली विचारतात तेव्हा तुमच्याबद्दल चांगलंच सांगते. हे मात्र त्यांना सांगत नाही, आणि इथे लिहिलं तरी कुठे पाठवणार? मी माझं दुःख भर वर्गात तुमच्यापुढे ठेवलं होतं, मॅडम. तुम्ही तुमचं मला कळू दिलं नाहीत. त्याचा मला अजून राग येतो.