पडद्यांच्या दुकानातलं व्हायोलिन

२ मे, शनिवार
समोरच्या चपलांच्या दुकानदाराने गिटारवाला बसवला आणि माझी दोन गिऱ्हाईकं पडद्याचं कापड हातात धरून तिकडे ऐकायला गेली, म्हणून ही वही उघडावी लागली. कापड परत आलं. गिऱ्हाईकं आली नाहीत. इथल्या कलाकारांना आधार द्यायचाच, तर तो शिकल्या-सवरल्या माणसाने द्यावा. कॉलेजात मी समूहगीताला पहिल्या रांगेत असे. पुढच्या शनिवारपासून आपल्याकडेही संगीत.

४ मे
सुनेने व्हायोलिनवाला आणला. हडकुळा. नियम सांगितले: संथ वाजवायचं, पाय आपटायचा नाही, गिऱ्हाईकाने काही विचारलं की मी टेबलावरची घंटा वाजवीन, लगेच थांबायचं. सून म्हणाली, आई, घंटेवर सुटायला तो काय शाळेचा वर्ग आहे? दुर्लक्ष केलं.

९ मे, शनिवार
रस्त्यावर काही ऐकूच गेलं नाही. त्याला म्हटलं, जरा जेवत जा. तर म्हणे आवाज सगळा तुमचे पडदे पितात, काकू. म्हणजे दोष माझ्या मालाचा! घंटा मी फार वाजवलेली नाही. सून म्हणते, एकही गाणं पुरं झालं नाही. तिला मोजायची खोड आहे.

१६ मे, शनिवार
त्याला दारात बसवलं. पडद्यांवर गाणं रचायला सांगितलं होतं. रचलं. त्यात पडद्याआडून एक बाई घंटा वाजवून वाऱ्याला थांबवते. लोक पोट धरून हसले. आमचे हेसुद्धा. विनोद मला कळतो. पण आपलं कापड धुतल्यावर आटत नाही, हे गाण्यात कुठे आहे? संतापून घंटा वाजवली. लोकांना ती गाण्यातलीच वाटली. टाळ्या पडल्या. त्याला काढून टाकलं.

१८ मे
सून फुरंगटली आहे. व्हायोलिनवाल्याच्या ग्रुपचा पहिला कार्यक्रम पुढच्या महिन्यात. घरी सराव केला की शेजारी भांडतात. आपली कापडाच्या गठ्ठ्यांची मागची खोली सोमवारी, दुकान बंद असताना, द्या म्हणे. तिथे आवाज घुमत नाही, बाहेरही जात नाही. मी म्हटलं, दुकान आहे, धर्मशाळा नाही. तर म्हणते, आई, तुम्हाला आधार द्यायचा होता की चपलावाल्याची जिरवायची होती? यावर यांनी चहा आधी तिला दिला.
किल्ली माझ्या पर्समध्येच राहील. विषय संपला.

२३ मे, शनिवार
समोर गिटारवाला आलाच नाही. तोही त्याच ग्रुपातला निघाला. चपलावाला सांगून गेला, सरावाला जागा नाही म्हणून पोरं कार्यक्रम रद्द करताहेत. मी म्हटलं, बरं झालं. रस्ता एकदम शांत. गिऱ्हाईक आलं, भाव विचारून गेलं. मला शांतताच आवडते. दुपारी उगाच एकदा घंटा वाजवून पाहिली. थांबायला कुणी नव्हतं.

२५ मे, सोमवार
खोली देण्याचा निर्णय सर्वस्वी माझा. सून सकाळपासून बोलत नव्हती, हे जेवले नाहीत आणि चपलावाला पोरांच्या सरावासाठी स्वतःच्या दुकानातली जागा रिकामी करायला निघाला होता, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. अट घातली: कार्यक्रमात आभार माझे, चपलावाल्याच्या आधी. व्हायोलिनवाल्याने लगेच मान्य केली. त्यांचीही एकच अट होती.
आज त्यांच्या ताब्यात दिलं:
मागच्या खोलीची किल्ली.
टेबलपंखा, चालू स्थितीत.
सतरंजी.
घंटा.
पहिल्या तिन्ही वस्तू मी आपणहून दिल्या.