बारा पोरांत एक काच

१२ जानेवारी १९८०, शनिवार

न इचारता. मला न इचारता ह्यांनी लातूरच्या लोकांना शब्द दिला की सूर्याच्या गिऱ्हाणाच्या दिवशी आमची उमा उंबऱ्याबाहेर पाय टाकणार न्हाई. पोरगी एकट्या ह्यांचीच हाय का? मी आत भाकरी थापून राहिले, भाईर शिवमूर्तीअप्पा चहा पीत बसलेले, आणि हे बोलून मोकळे. त्यांचा पोरगा उमाला बघून गेलाय. पसंत हाय म्हणे, पन होकार अजून पोटातच. लातूर जिल्हा होणार, औसा रोडच्या त्यांच्या जागेला सोन्याचा भाव येणार, म्हणून मान आत्तापासूनच ताठ. जिल्हा होईल तवा होईल. आज तरी कागद घेऊन उस्मानाबादलाच पळतेत.

तसं उमाला कॉलेजच्या पोरांबरोबर रायचूरला मलाबी पाठवायचं न्हाई. पन ते मी सांगणार. ह्यांनी न्हाई.

१४ जाने., संक्रांत

उमानं तिळगूळ हातात टेकवला आणि आत गेली. दुपारी मीच इचारलं, काय हाय त्या रायचूरला. म्हणली, कॉलेजचे सायन्सचे सर बारा पोरापोरींना गिऱ्हाण बघायला घेऊन चाललेत. तिथं सूर्य सगळा झाकणार, इथं उदगीरला थोडा तुकडा उरणार.

म्हणलं, एवढ्या तुकड्यासाठी रायचूर?

"अव्वा, तेवढा तुकडा उरला तर काहीच दिसत न्हाई."

ह्यांनी हौदाला कुलूप घातलं. गिऱ्हाण सुटल्यावर घरानं डोक्यावरून आंघोळ करायची, त्याचं पाणी आजपासून राखायचं म्हणे. आडात बादली खरवडून राहिली, मी धुणं चार दिवसांनी काढते, आणि गिऱ्हाणाला महिना हाय.

१७ जाने., गुरुवार

उमा म्हणती मी भित्री हाय. भित्री न्हाई. माझा उजवा डोळा हाय ना, तो बघून बोलावं. सुईत दोरा डाव्यानं ओवते. उजव्यानं माणसाकडं बघितलं की कान दिसतेत, तोंड न्हाई. मधीच डाग. आठ वर्षांची होते, बीदरकडं, माझ्या माहेरी, गिऱ्हाण लागलं होतं. परातीत हळदीचं पाणी केलं होतं. वर बघायचं न्हाई, परातीत बघायचं, काही होत न्हाई, असं मोठ्या माणसांनीच सांगितलं. सगळे दोन घडी वाकून उठले. मला लई आवडलं, मी बसून राहिले. रात्री तो डाग काही जाईना. मध घातला, बकरीचं दूध घातलं. गेला न्हाई. अजून हाय.

उमाला हे सांगितलं. म्हणली, ठाऊक हाय, शंभरदा सांगितलंस.

मग शंभरदा ऐकून काय केलंस?

२० जाने., रविवार

सरांच्या घरी गेले. पोरगेलसा माणूस, नांदेडकडचा, हदगावचा. बायकोनं पाणी अर्धा पेलाच दिलं, मी वाईट वाटून घेतलं न्हाई. सगळीकडं तेच हाय.

सरळ इचारलं, पोरं कशातून बघणार? त्यांनी कपाटातून काच काढली. लोखंडाचं वेल्डिंग करणारे डोळ्यापुढं धरतेत ती, सगळ्यात गडद, चौदा नंबरची. "एक्स-रेचा कागद नाही, काजळी नाही, परात तर नाहीच," म्हणले. माणूस नीट वाटला. अंगणात नेऊन माझ्या हातात दिली.

डाव्या डोळ्यानं बघितलं. हिरवा, गोल, लिंबाएवढा. टोचत न्हाई, काही न्हाई. मला वाटायचं सूर्य लई मोठा असंल.

मग उजव्यानं बघितलं. सूर्य न्हाईच. काच हलवली, मान हलवली. मी जिकडं बघीन तिकडं तो नसायचा.

सर म्हणले, दिसला का काकू? म्हणलं, हाव, दिसला.

निघताना इचारलं, अशा किती हायत. एकच. पाळीपाळीनं बघणार म्हणे. बारा पोरं, एक काच. ज्याची पाळी न्हाई ते पोरगं काय डोळे मिटून बसंल? सर हसले. मी हसले न्हाई.

२७ जाने., रविवार

आज ज्वारीच्या कणगीत हात घातला तर काच लागली. फोटोच्या चौकटीतली, चिंधीत गुंडाळलेली, कंदिलावर धरून काळी केलेली. मधोमध बोट फिरवून काजळी पुसलेली. रुपयाएवढी.

उमाला समोर बसवलं. हे काय?

"न्हाई जाऊ दिलं तर माळवदावर चढून बघणार व्हते."

आणि मधी पुसलंय कशाला?

"काहीच दिसत नव्हतं."

मारायला हात उचलला होता, खाली घेतला. मी उंबऱ्यात बसून राखण केली असती आणि ही वरती माळवदावर. ह्या घरात डोळ्याची किंमत कुणाला न्हाई. ह्यांनी दाराला कडी घातली की काम झालं.

काच चुलीमागं फोडली. रात्रभर इचार केला. घरी ठेवली तर चोरून बघणार. मग रायचूरच बरं, पन माझ्या डोळ्यांसमोर आणि दर डोक्याला एक काच. माझी मावसबहीण हाय तिथं, उतरायची चिंता न्हाई.

२ फेब्रु., शनिवार

ह्यांना सांगितलं. ह्यांनी ताट सरकवलं.

"सोयरीक मोडायची हाय का तुला?"

मोडली तर मोडली. डोळा मोडला तर सांधतेत का कुठं?

"लोक काय म्हणतील? गिऱ्हाणात बाया-पोरी भाईर."

आमच्या लिंगायत मठातल्या अय्यांना जाऊन इचारलं. म्हातारे डोळे मिटून हसले, "गळ्यात लिंग असणाऱ्याला कसलं सुतक गं?" घरी येऊन ह्यांना तेच सांगितलं. हे म्हणले, अय्यांना पोरगी द्यायची न्हाई कुठं. आता बोला.

संध्याकाळी मात्र हौदाचं कुलूप काढून दिलं. धुणं धू म्हणले. काय समजायचं त्यातून?

६ फेब्रु., बुधवार

परत सरांकडं, उमाला घेऊन. नांदेडला काचा सांगितल्यात, अजून आल्या न्हाईत. येतील म्हणले. येतील ह्यावर मी डोळे ठेवत न्हाई.

सरांनी समजावलं. सूर्य सगळा झाकला की तेवढाच वेळ काच काढायची, साध्या डोळ्यानं बघायचं. कड निघायच्या आत परत लावायची. ते ओरडून सांगणार.

म्हणलं, सर, तुमीबी वरच बघत असाल ना? जन्मात एकदा दिसणार. तुमचंच ध्यान हरपलं तर?

त्यांची बायको आतून म्हणली, "ह्यांचं जेवताना हरपतं."

मग ठरवलं. मी सूर्याकडं पाठ करून बसणार, पोरांच्या तोंडाकडं बघत. तुमी घड्याळावर सांगा, आणि न्हाई सांगितलं तर तोंडावर जरा उजेड हलला की मी ओरडीन. माझा आवाज स्टेशनापर्यंत जातो.

सर म्हणले, "काकू, मग तुम्ही बघणार कधी?"

मी बघितलंय.

घराजवळ आल्यावर उमानं पिशवी माझ्या हातातनं घेतली.

१० फेब्रु., रविवार

शिवमूर्तीअप्पा आले. कुणीतरी खबर दिली असणार. चहा मी घेऊन गेले, परत आत गेले न्हाई, तिथंच बसले. हे जमिनीकडं बघत होते.

"अक्का, पोरगी रायचूरला चालली म्हणे."

हाव. मी बरोबर हाय.

"आमच्या घरात असं चालत न्हाई. अमावस्या होऊ द्या. पोरगी घरीच ऱ्हायली असं कळलं, की मग आमी होकार कळवू."

म्हणजे पोरीला अमावस्येपर्यंत टांगून ठेवायचं आणि हे लातूरला बसून बघणार ती उंबऱ्यात बसली का न्हाई. म्हणलं, अप्पा, तुमच्याबी गळ्यात लिंग हाय. तुमाला सुतक कुणी लावलं? ते ह्यांच्याकडं बघायला लागले. मला वाटलं हे आता मला आत जा म्हणतील. हे म्हणले, "ती म्हणती ते ऐकून घ्या."

मग मी एकदाच बोलले. काचा आल्या तर पोरगी जाणार. न्हाई आल्या तर मी तिच्याजवळ खोलीत बसणार, सूर्य मावळंस्तोर. ते डोळ्यासाठी, तुमच्यासाठी न्हाई. गिऱ्हाण शनिवारी. गाडी शुक्रवारी, विकाराबादला बदलायची. अमावस्या झाल्यावर मला तुमचा निरोप नको. जाणारी पोरगी चालती का न्हाई, ते गुरुवारपर्यंत सांगा.

"एवढी काय घाई, अक्का?"

घाई तुमाला नसंल.

ते चहा अर्धा टाकून गेले. उमा दाराआड होती, सगळं ऐकलं तिनं. सरांकडंबी तिलाच पाठवलं, तोच निरोप, तोच दिवस. दर डोक्याला काच हाय का न्हाई.

गुरुवारी शिवरात्र. देवापुढं दिवा लावायच्या आत लातूरनं बी सांगावं आणि सरांनी बी. हो, न्हाईतर न्हाई.