आज अकराला तपासणी

दादा,
मी कामावर चाललेय. आईला गोळ्या दिल्यात. उठवताना तिचा उजवा हात ओढू नकोस.

मदतनीस बाईंचे तास बंद झाले म्हणून आईवर चिडू नकोस. मागच्या तपासणीला मदतीचे तास ठरवणाऱ्या मॅडमनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माझं मी सगळं करते." झाकली मूठ सव्वा लाखाची, तुला माहितेय तिचं. मॅडमनी तसंच लिहून नेलं. पण कुणी येणार म्हणून सकाळीच तिला आंघोळ घालून, इस्त्रीचे कपडे चढवून खुर्चीत ताठ बसवलं होतं मीच.

आज त्या परत येतायत. मला सुट्टी नाही. आईचे केस विंचरू नकोस. ती कंगवा मागेल. मी तो सोबत नेतेय.

— धाकटी