दुसऱ्या आवाजाची ओळ

बाई, चिखल्याच्या खाण वसाहतीतली शाळा सुटली की तुम्ही बाकं मागे सारून आम्हाला गाणं शिकवायचात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका इंग्रज संगीतकाराचं ते स्तोत्र, वाद्यांशिवाय, चार आवाजांत गायचं. शब्द लॅटिन, तुम्ही देवनागरीत उतरवून दिलेले. वसाहतीत ख्रिस्ती घरं मोजकी, म्हणून खालच्या आवाजांसाठी तुम्ही खाणकामगारांचं भजनी मंडळच बोलावलंत. मी खाणीच्या हजेरी-ऑफिसात नवी लागलेली, दुसऱ्या आवाजात. माझ्या पाठीमागे मंडळाचे बुवा.

"चौघं चार वाटेनं जाऊन राहिले, अन् गाणं म्हणे एक," बुवा म्हणायचे. तुम्ही हसायचा नाहीत. "आपली ओळ सोडायची नाही. शेजारचा मेला तरी."

"मंग खांदा कोन देईन, बाई?"

ईस्टरच्या सकाळी आम्ही तुमसरच्या प्रार्थनाघरात गायला उभे. वरचा आवाज वसाहतीच्या दवाखान्यातल्या एकट्या नर्सबाईंवर, आणि मध्यावरच त्यांचा घसा बसतो. भजनात असं झालं की मंडळ गाणाऱ्याचा सूर उचलून धरतं, त्याला उघडं पडू देत नाही. लहानपणापासून मी तेच पाहिलेलं. मी माझी ओळ सोडते आणि त्यांची धरते. पाठोपाठ बुवा, मग सगळं मंडळ. लोक खूश होऊन ऐकतात. तुमचा ताल देणारा हात तेवढा हवेत थांबलेला.

बाहेर ट्रकजवळ तुम्ही बुवांना गाठलंत. आवाज त्यांचा मोठा, म्हणून चूकही त्यांचीच ठरली. "हे भजन नाही, बुवा. उद्यापासून येऊ नका."

"नर्सबाईचा आवाज पडला होता, बाई. पाहत बसाचं का?"

मी शेजारीच होते. परतताना ट्रकमध्ये बुवा माझ्या कानाशी म्हणाले, "पयले तूनंच उचललं. आयकलं मी. पन नोको सांगू. तुले बी काढतीन, मंग चारही ओळी बाईच गातीन एकट्या." आणि खदखदून हसले.

ते पुन्हा शाळेकडे फिरकले नाहीत. मंडळही हळूहळू गळालं. ते स्तोत्र आपण पुन्हा पुरतं गायलो नाही. बदली होऊन जाताना तुम्ही तुमची वही मला दिलीत. "तुझी ओळ कधी सुटली नाही," म्हणालात. मी वही घेतली. पुढे मी नागपूरला वर्तमानपत्रात लागले, दुसऱ्यांच्या चुका रोज वेळेत छापायला दिल्या. तुम्ही गेल्याची बातमीही माझ्याच टेबलावर आली.

बुवांनीच नको म्हटलं म्हणून गप्प राहिले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. हा कागद कुठल्याच टपालपेटीत पडायचा नाही, तेव्हा लिहिते: मी सांगितलं असतं तर तुम्ही मला रागावला असतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बुवांच्या दारी गेला असतात. एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं.