आडरस्त्यांनी मेव्हण्याकडे

शनिवार, २ मे. सकाळी ६

आजपासून चार दिवस मोटरसायकल. मी पुढे, विदा मागे. झ्रेन्यानिनपासून डोंगरातल्या तिच्या माहेरापर्यंत साधारण सव्वातीनशे किलोमीटर. हायवेला चाक लावायचं नाही. हायवेवर माणूस नुसता पोचतो, प्रवास करत नाही. (हे आत्ता सुचलं. मेव्हण्याकडे जेवताना सहज म्हणून टाकायचं.)

बुधवारी, सहा तारखेला, मेव्हण्याकडे म्हणजे त्रिफुनकडे स्लावा आहे, घराण्याच्या संताचा वार्षिक सण. त्यांचा संत जॉर्ज. बारा वाजता पाद्री येतो, मेणबत्तीपुढे पाव कापतात. सासूबाईंनी विदाला फोन केला होता. यंदाचा पाव मीच मळणार, पुढच्या वर्षी हात चालतील असं वाटत नाही, तू कापायच्या वेळी हवीस पोरी. विदा सहा वर्षांत तिकडे गेलेली नाही. कारण क्षुल्लक. तेव्हाच्या जेवणात मी त्रिफुनला, तू ट्रॅक्टर रिव्हर्स चुकीचा घेतोस, एवढंच सांगितलं होतं. तीस माणसांसमोर सांगितलं, पण ते त्यांचाही फायदा व्हावा म्हणून. सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये थिअरी शिकवली आहे मी. त्यावर तो रागावला, मीही दोन शब्द बोललो, ताट उडालं. यंदा त्याला माफ करायचं ठरवलं आहे.

विदा म्हणाली, बसने जाऊ, सात तासांत पोचतो. बायकांना प्रवासातलं काही कळत नाही.

संकल्प तीनच. कोणालाही रस्ता विचारायचा नाही. वाटेत थेंबही घ्यायची नाही. विदावर ओरडायचं नाही, तिची चूक असली तरी.

भेट म्हणून डुकराची धुरावलेली अख्खी तंगडी घेतली आहे, नऊ किलो. विदा म्हणाली, बुधवार उपासाचा, ताटात मासे असणार, ही कोण खाणार? मी म्हणालो, मन मोठं असलं की वार बघत नाहीत. मागच्या पेटीत माझी हत्यारं आहेत, त्यामुळे तंगडी विदाच्या मांडीवर राहील.

सकाळी ११.४०

निघालो. चेन जरा सैल होती. विदा पाच वाजल्यापासून हेल्मेट घालून पायरीवर बसली होती. उत्साह आहे.

संध्याकाळी ७

डॅन्यूबच्या अलीकडेच मुक्काम. पुलाने गेलो असतो तर तासाभरात पलीकडे होतो, पण पुलाच्या तोंडाशी ते निळे लोक गाडी लावून उभे असतात आणि चांगल्या माणसाला उगाच कागद विचारतात. माझं लायसन्स सध्या कार्यालयात आहे. मार्चमध्ये ती नळी फुंकायला लावली होती तेव्हापासून. मशीन बिघडलेलं होतं हे उघड आहे. विदाला यातलं काही माहीत नाही, तिला कशाला ताण.

म्हणून पूर्वेला शंभर किलोमीटर खाली येऊन फेरीबोटीने पार व्हायचा माझा प्लॅन. बोट सुटलेली होती. शेवटची होती. एका कोळ्याच्या घरी खोली मिळाली. त्याने ग्लास पुढे केला. नाही म्हणणं अपमान झाला असता. दुसराही अपमान झाला असता.

रविवार, ३ मे. संध्याकाळी

बोट दहाला. पलीकडे द्राक्षमळ्यांतले रस्ते, अप्रतिम. मला दिशेची उपजत जाण आहे, नकाशा उघडलाही नाही. दुपारी एका गावात चर्चसमोर बाकावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. दीड तासाने आणखी एका गावात चर्चसमोर एक म्हातारी लसूण सोलत होती. ती म्हणाली, आलात का परत? मघाशी डावीकडे गेलात तेव्हाच म्हटलं होतं सुनेला, हे येणार. विदा जी हसायला लागली ती थांबेना. डोळ्यांतून पाणी. इतक्या वर्षांत मी तिला असं हसवलेलं मला आठवत नाही, म्हणजे आज मीच हसवलं म्हणायचं.

म्हातारीने तिला पाणी दिलं आणि विचारलं, बाई, याला घरीपण रस्ता सापडत नाही का? विदा म्हणाली, घरी मी खुणा करून ठेवल्या आहेत. दोघी पुन्हा हसल्या. मी इंजिन थंड होतंय का ते बघत होतो.

विदाने रस्ता विचारून घेतला. संकल्प माझा होता, तिचा नव्हे, त्यामुळे मोडला असं होत नाही.

आजचे एकूण किलोमीटर ८८. त्यातले कामाचे ४१.

सोमवार, ४ मे. दुपारी ४

तोपोलाच्या अलीकडे इंजिन खोकलं आणि बसलं. कार्ब्युरेटर. हा विषय माझ्या हातचा मळ. रस्त्याकडेला चादर पसरून सगळं उघडलं. विदाने प्रत्येक स्क्रू काढला तसा ओळीत मांडून ठेवायला सुरुवात केली. मी म्हणालो, मला डोक्यात सगळं पाठ आहे, तू मध्ये पडू नकोस. ओरडलो नाही, आवाज मोठा होता इतकंच. जोडल्यावर चार स्क्रू आणि एक स्प्रिंग उरली. कंपन्या हल्ली जादाचे देतात.

गाडी चालू झाली नाही. ढकलत तीन किलोमीटर. विदाने ढकलली, मी हँडल सांभाळत होतो, ते जास्त कौशल्याचं काम.

गावातला मिस्त्री स्वेतोझार. त्याने आत डोकावून विचारलं, हे कोणी उघडलं? मी म्हणालो, वाटेत एक अडाणी भेटला होता. विदा आकाशाकडे बघत होती. स्वेतोझार म्हणाला, असा अडाणी पुन्हा भेटला तर त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देऊ नका, चमचा द्या. मीही हसलो. मोकळा माणूस आहे.

नवा कार्ब्युरेटर नव्हता, जुन्या गाडीचा काढून बसवायला तयार झाला. पैसे नकोत म्हणाला, त्याची नजर तंगडीवर. सौदा केला. विदा म्हणाली, तीन दिवस हिला मांडीवर घेऊन बसले आहे मी, पाय बधिर झालेत, पोरांनासुद्धा इतकं घेतलं नव्हतं. मी म्हणालो, मग आता पाय मोकळे झाले की. ती पाय चोळत राहिली. समजूतदार आहे.

सोमवार, संध्याकाळी

गाडी उद्या सकाळी मिळणार. विदाने विचारलं, बुधवारी बाराला पोचू ना? नक्की सांग, पोचणार नसू तर आत्ता सांग, मी पुढे चाचाक शहरातून बस धरते. आईला शब्द दिलाय. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, अकरालाच पोचू, तुझ्या आईआधी मीच मेणबत्ती लावीन.

माझ्या आवाजात असं काही असतं की माणूस विश्वास ठेवतोच. ती मात्र बसचं वेळापत्रक कागदावर लिहून घेत होती. लिहायची आवडच आहे तिला.

मंगळवार, ५ मे. दुपारी १

गाडी झकास चालते. साठच्या वर जात नाही, पण साठच्या वर जातंय कोण.

मंगळवार, दुपारी ३

शांतपणे लिहितो.

चाचाकच्या अलीकडे वळणावर निळे लोक. मी तत्काळ, अनुभवाच्या जोरावर, डावीकडे आलुबुखाराच्या बागेत गाडी घातली आणि झाडामागे बंद करून ठेवली. विदाला म्हणालो, जरा बहर बघू. ती म्हणाली, बहर महिन्यापूर्वी गळला, रादोयको. मग म्हणाली, लायसन्सचं पत्र मार्चमध्ये पोस्टमनकडून सही करून मीच घेतलं होतं. वाचून पुन्हा चिकटवून तुझ्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, बघू, हा सांगतो का.

मी विचारलं, मग मागे बसलीस कशाला? ती म्हणाली, वाटलं होतं कुठेतरी वाटेत सांगशील. चार दिवस तुझ्या पाठीकडे बघत बसले. एकदा तोंड वळवून म्हणाला असतास, विदा, मी चुकलो, बसने जाऊ, तर मी तुला बसमध्ये खिडकीची जागा दिली असती.

याला मी योग्य उत्तर दिलं. मशीन बिघडलेलं होतं, असं सांगितलं.

तिने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, केस नीट केले आणि बागेतून सरळ त्या निळ्या लोकांकडे चालत गेली. मी झाडाआडून बघत होतो. काहीतरी बोलली. मला वाटलं, माझं नाव सांगते की काय. तिने बागेकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. एका पोराएवढ्या पोलिसाने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. बस स्टँडच्या दिशेने गेले.

विदा पुढे गेली आहे, माझ्या येण्याची तयारी करायला. हे बरंच झालं. वजन कमी झाल्यामुळे गाडी सत्तर घेईल.

मंगळवार, संध्याकाळी

पंचावन्न घेते आहे.

बुधवार, ६ मे. दुपारी १२

इवान्यित्साच्या पुढे, रास्पबेरीच्या शेताकडेला. अजून सत्तर किलोमीटर. मागचं टायर बसलं आहे. पंप पेटीत नाही. पेटीत नसलेली ही एकच वस्तू.

बरोबर बाराला रस्त्यात उभा राहिलो, टोपी काढली, विदाच्या माहेराच्या दिशेने तोंड केलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. त्यांच्या घरी आत्ता पाव फिरवत असतील, वाइन शिंपडत असतील. शेवटी अंतःकरण महत्त्वाचं. शेतातला माणूस म्हणाला, तिकडे काय आहे? तिकडे आमचं गोदाम आहे.

त्रिफुनच्या घरी फोन लावला. मागे गाणी, गोंगाट. कोण्या बाईने उचलला. विदाला द्या म्हणालो. ती म्हणाली, विदा आईबरोबर पाव धरून उभी आहे, आत्ता नाही येणार. कोण बोलतंय? मी म्हणालो, तिचा नवरा. बाईने कोणाला तरी ओरडून विचारलं, विदाचा नवरा आहे का अजून? मग कोणीतरी फोन ठेवला. तिकडे रेंजचा प्रॉब्लेम असतो.

बिचारी माझ्याशिवाय कशी उभी असेल.

गुरुवार, ७ मे. दुपारी २

पोचलो! शेतातल्या त्या माणसाच्या पंपाने टायर भरून निघालो, शेवटचे सहा किलोमीटर गाडी ढकलत, पण पोचलो. आज दुसरा दिवस, स्लाव्याला उशिरा येणारे आजच येतात, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या मी वेळेवर आहे. शिवाय आज गुरुवार, आज मांस चालतं. तंगडी असती तर आज शोभली असती. हा मुद्दा विदाकडे मांडायचा.

त्रिफुनने फाटक उघडलं. स्लाव्याला कोणाला बोलावत नाहीत आणि आलेल्याला परतवत नाहीत. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, या पाहुणे, बसा. काही आठवणही काढली नाही. माफ करून टाकलं मी त्याला, उभ्या उभ्या.

मला टेबलाच्या टोकाला, भिंतीकडे बसवलं. मानाची जागा.

गुरुवार, दुपारी ४

घडलं तसं लिहितो.

स्लाव्याला घरची माणसं बसत नाहीत, उभ्याने वाढतात. बसतो तो पाहुणा. विदा आईचा एप्रन बांधून उभी होती. तिने उकडलेल्या गव्हाचं ताट माझ्यापुढे धरलं, एक चमचा घ्या म्हणाली, जशी सगळ्यांना म्हणत होती. मी डोळा मारला. ती शेजारच्याकडे वळली.

मग पहिली कॉफी आली. ती स्वागताची. गप्पा सुरू झाल्या, मी हायवेचं ते वाक्य टाकलं. त्रिफुन म्हणाला, हो का. दुसरी कॉफी आली, ती बोलण्याची. सासूबाईंना आता नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय हे? विदा म्हणाली, रादोयको आहे, आई. म्हातारी म्हणाली, हाच का तो, तुला वेळेवर आणून सोडणारा? देव त्याचं भलं करो. विदा म्हणाली, नाही आई, तो पोलीस होता. म्हातारीने विचारलं, मग हा काय करत होता? टेबलाभोवती चौदा माणसं होती. सगळी ताटात बघायला लागली. विदा म्हणाली, हा झाडामागे होता.

कोणी हसलं नाही. मला वाटत होतं, कोणी तरी हसावं.

मी खालच्या आवाजात विदाला म्हणालो, दोन दिवस राहू, गाडी नीट करतो, मग आरामात निघू, तू सांगशील त्या रस्त्याने. ती ऐकून घेत होती. मला वाटलं, जमलं. ती आत गेली.

आमच्याकडे पाहुण्याला ऊठ म्हणत नाहीत. तिसरी कॉफी आणतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की ही आली की टोपी उचलायची. घरातला कोणी हे काम अंगावर घ्यायला राजी नसतो, मुलांना पाठवतात. आज विदाने स्वतः आणली. एकच कप. अर्धा भरलेला, लवकर संपावा म्हणून. चौदा जणांमधून वाट काढत आली आणि माझ्यापुढे ठेवला, कपाचा कान माझ्या हाताकडे करून.

मी म्हणालो, मला आधीच दोन झाल्यात. ती म्हणाली, घ्या, गरम आहे तोवर.

मी सावकाश प्यायलो. गाळ दिसला तरी ओठाला लावून बसलो. ती तिथेच उभी राहिली, आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. शेवटी तिने विचारलं, झाली? मला नाही म्हणायचं होतं. पण कप सगळ्यांना दिसत होता. मी म्हणालो, झाली.